जुन्या घोड्याला नवा रंग नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घटस्थापनेआधीच्या घरआवरीवर आपल्या रविवारच्या पुरवणीत एक पान आलं. गाद्या, पितळ, माळ्यावरची भांडी यांबद्दलचा मजकूर उपयोगी आहे. त्याच पानावर एका चौकटीत मात्र असा सल्ला आहे, की दिवाळीच्या किल्ल्यावरची जुनी चित्रं (म्हणजे मातीची रंगीत खेळणी) आणि शोकेसमधले घोडे-हत्ती ओल्या फडक्यानं पुसून घ्यावेत, रंग गेला असेल तर ऑइलपेंटचा एक हात द्यावा आणि वर वॉर्निश मारावं, म्हणजे ते नव्यासारखे दिसतात. आम्ही सांगली, मिरज, कराड, सातारा भागात रंगीत घोडे जमवणारे काही वाचक आहोत. हा सल्ला मागे घ्यावा, एवढीच आमची मागणी आहे. पत्र लांबलं आहे, कारण नुसतं "करू नका" म्हणून भागत नाही. मग काय करायचं तेही सांगावं लागतं. जागा कमी असेल तर परदेशी घोड्यांचा भाग गाळा, पुराचा गाळू नका.

दिवाळीच्या किल्ल्यावरचा जुना शाडूचा घोडेस्वार हातात घेऊन पाहा. दोन भागांच्या साच्यात माती दाबायची, दोन्ही अर्धी शाडूच्याच पातळ काल्यानं जोडायची, शिवण बोटानं पुसायची आणि सावलीत वाळवायचं. भाजणं नाही. वाळल्यावर खडूची पावडर आणि डिंक किंवा सरस यांचं पांढरं अस्तर, त्यावर पाण्यात कालवलेले रंग. चार पायांच्या मधे मातीचा गठ्ठा सोडलेला असतो, कारण कच्च्या मातीचे चार बारीक पाय घोडा आणि स्वार दोघांचं वजन पेलत नाहीत. कारागीर तो गठ्ठा हिरवा रंगवतो, की झालं गवत. आता घोडा पंचकल्याणी असेल तर त्याचे चारही पाय खुरापासून गुडघ्यापर्यंत पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. बऱ्याच जुन्या चित्रांत हा पांढरा रंग वेगळा लावलेलाच नसतो. अंगाचा तपकिरी रंग देताना कारागिरानं तेवढी जागा मोकळी सोडलेली असते. दिसतं ते अस्तर. ओलं फडकं फिरलं की सगळ्यात आधी निघतं ते हेच, आणि खालची करडी माती उघडी पडते. मग घरातलं कुणीतरी खिडकीच्या गजांना आणलेला ऑइलपेंटचा डबा काढतं आणि चारही पाय तपकिरी होतात. पंचकल्याणी गेला, साधा घोडा राहिला.

बरं, ऑइलपेंट टिकतो तरी का? नाही. डिंकाचं अस्तर मऊ आणि भुसभुशीत, ऑइलपेंटचा थर कडक. वाळताना आणि पुढं वर्षानुवर्षं तो आवळत जातो आणि खालच्या अस्तराला मातीपासून उचलतो. त्यात कच्ची माती पावसाळ्यात बुडाकडून ओल ओढते. पाण्यातल्या रंगांतून ती ओल बाहेर पडू शकते, ऑइलपेंटखाली अडकते. मग पोटाला आणि मांड्यांना फुगे येतात, फुगे फुटले की पापुद्रे सुटतात आणि पापुद्र्याच्या पाठीला मूळ रंग चिकटून आलेला असतो. म्हणजे नवा रंग गेला आणि जाताना जुनाही घेऊन गेला. शिवाय डब्यातला रंग दाट असतो. एका केसाच्या कुंचल्यानं काढलेली डोळ्याची कड, लगामाची रेघ, झुलीवरचे ठिपके त्याखाली बुजतात. वॉर्निशचं तर विचारूच नका. काही वर्षांत पिवळं पडतं आणि पांढऱ्या घोड्याला कावीळ होते.

रंग देण्याआधी लोक पॉलिश पेपर मारतात, त्याबद्दल वेगळं सांगायला हवं. जुन्या पिवळ्या, लाल, नारिंगी एनॅमल रंगांत शिसं असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधी रंगवलेलं लाकडी किंवा पत्र्याचं खेळणं घासलं की ती धूळ घरातल्या लहान मुलांच्या नाकातोंडात जाते. जुना रंग घासू नका, खरवडू नका आणि असा घोडा रांगत्या पोराच्या हातात देऊ नका.

काहीही करण्याआधी घोडा कशाचा आहे ते ओळखायचं. उलटा करा, बुडाशी रंग नसलेली जागा असते. तिथं नखानं किंचित खरवडून करडी-मातकट पूड आली तर शाडू, शुभ्र पांढरी आली तर प्लास्टर, तांबडी आली तर भाजलेली माती. आकाराच्या मानानं जड, हाताला गार आणि नख न रुतणारा असेल तर रेझिन (साच्यात ओतलेली कृत्रिम राळ) किंवा चिनी माती. टिचकी मारल्यावर खणखणला तर चिनी माती, बद्द वाजला तर रेझिन. लाकूड वजनालाच कळतं. पोटाखालून शेपटीपर्यंत बारीक शिवण आणि नाकपुडीत किंवा तोंडाशी टाचणीएवढं भोक असेल तर आत पोकळ प्लास्टिक. कागदाच्या लगद्याचा घोडा सगळ्यात हलका, त्याला पाण्याचा थेंबही दाखवू नका.

इथं बांकुऱ्याच्या घोड्याबद्दल दोन शब्द. पश्चिम बंगालमधल्या पांचमुडा गावचा हा उंच मानेचा घोडा आता आपल्याकडच्या प्रदर्शनांतही मिळतो. पाय, मान, तोंड चाकावर वेगवेगळे करून जोडतात. कान आणि शेपूट मात्र सुटे असतात, भाजल्यानंतर खाचेत बसवायचे. ते निघाले म्हणजे घोडा मोडला असं समजून लोक चिकटवून टाकतात, आणि पुढच्या वेळी घोडा हलवताना कानाची खाचच फुटते. तसेच सुटे राहू द्या, हलवताना काढून वेगळे गुंडाळा. त्याचा लाल किंवा काळा रंग भट्टीतला आहे, काळा तर भट्टीची भोकं बुजवून आत धूर कोंडून आणलेला. त्याच्यावर रंग चढवणं हा शुद्ध आचरटपणा.

आता सफाई. शाडू, प्लास्टर, लगदा आणि जुनं रंगीत लाकूड यांना पाणी नाही. खारीच्या किंवा बकरीच्या केसांचा ८ ते १२ नंबरचा मऊ गोल कुंचला घ्या, तो याच कामाला ठेवा. एका हातानं घोड्याचं धड किंवा बैठक धरा, मान, शेपूट, स्वाराची तलवार कधीच नाही. वरून खाली या: आधी कान आणि आयाळ, मग खोगीर, मग पोट, शेवटी बैठक. सुटलेली धूळ पडण्याआधी ओढून घ्यायची असेल तर व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा रबरानं बांधा आणि तोंड वीतभर लांब ठेवा. रंगाचा कपचा निघालाच तर जाळीवर अडकतो, हरवत नाही. कुंचल्याला रंगाची पूड लागायला लागली की थांबा. तो घोडा आता पुसायचा नाही, काचेच्या आड ठेवायचा.

रंग पाण्यानं सुटतो का हे पाहायचं असेल तर कान कोरायच्या कापसाच्या काडीला पाण्याचा ओलावा द्या, टिपून घ्या आणि पोटाखाली न दिसणाऱ्या जागी एकदाच हलकी टेकवा. घासू नका. कापसाला रंग लागला तर प्रश्न मिटला, पाणी नाही. नाही लागला तरी लाल, गुलाबी आणि काळा वेगवेगळे तपासा, कारण एकाच घोड्यावर दोन-तीन जातींचे रंग असतात. चिनी माती आणि चांगलं रेझिन ओलसर सुती फडक्यानं पुसता येतं. काच पुसायचा फवारा, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर कुणालाच नको. खोबरेल तेलाचा हात हा आपल्याकडचा लाडका उपाय. चमक येते, पण तेल धूळ धरून ठेवतं आणि महिन्याभरात आयाळीच्या खाचांत चिकट काळा राप बसतो. तो काढायला जावं तर खालचा रंग हाताशी येतो.

ऊन हा दुसरा शत्रू. दिवाळीच्या चित्रांवरचा रेडियम गुलाबी आणि रेडियम हिरवा सगळ्यात आधी उडतो, मग लाल-गुलाबी, मग पिवळा. मातीचे तांबडे-पिवळे रंग आणि काळा टिकतात. शोकेस पश्चिमेच्या खिडकीसमोर असेल तर घोड्याची एक बाजू फिकी आणि दुसरी गडद, असे जिल्ह्यात किती निघतील सांगता येणार नाही. आत दिवा हवाच असेल तर एलईडी, तोही कपाटाच्या बाहेरच्या अंगाला. हॅलोजनच्या उष्णतेनं लाकूड चिरतं आणि प्लास्टिक वाकतं.

दमटपणाबाबत आपल्या दोन जिल्ह्यांत एकच नियम चालत नाही. जत-आटपाडीची कोरडी हवा निराळी आणि शिराळा, पाटण, जावळीचा पावसाळा निराळा. जतला वर्षानुवर्षं ठेवलेला लाकडी घोडा लग्नाच्या रुखवतात शिराळ्याला गेला तर पहिल्याच आषाढात फुगतो आणि सांध्यावरचा रंग तडकतो. दमटपणा दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र तीन-चारशे रुपयांत मिळतं, ते कपाटात ठेवा. ४५ ते ५५ टक्के उत्तम. त्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे आकडा रोज वरखाली उड्या मारता कामा नये. काचेचं दार असलेल्या एका फळीच्या कपाटाला १०० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) पुरे, जाळीच्या पिशवीत, घोड्याला न टेकता. नारिंगी दाणे हिरवे पडले की ताटात पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास, मग परत वापरा. जेल दुप्पट घालून दुप्पट फायदा होत नाही. फार कोरड्या हवेत लाकूड उभं चिरतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा. ओल भिंतीतून येते आणि बुरशी मागच्या रांगेतल्या घोड्यांना आधी लागते.

प्लास्टरच्या घोड्याचा रोग आतून येतो. साच्यात ओतताना पायांत लोखंडी तार घालतात. ओल तारेपर्यंत पोचली की तार गंजते, गंज फुगतो आणि पायावर आधी तांबूस रेघ, मग उभी भेग दिसते. रेघ दिसली की घोडा कोरड्या जागी हलवायचा आणि वजन पायांवर येणार नाही असा पोटाखाली थर्माकोलचा ठोकळा द्यायचा. भेगेत पुट्टी भरू नका. पुट्टीतलं पाणी गंज वाढवतं.

मोडलेला पाय जोडायचा तर झटपट चिकटणारा सुपर ग्लू टाळा. शाडूत तो शोषला जातो, कड काचेसारखी कडक होते आणि पुढच्या धक्क्याला शेजारची माती तुटते. गडद रंगाजवळ त्याची वाफ बसून पांढरट डाग पडतो, तो निघत नाही. बाटली चुकून कलंडली तर घोडा आणि बोट दोन्ही जोडले जातात ते वेगळंच. शाडू आणि प्लास्टरला पांढरा फेविकॉलच, पण पाणी न घालता, टूथपिकच्या टोकावर मावेल इतका, फक्त एका कडेला. आधी दोन्ही कडांची पूड कुंचल्यानं झाडा, कोरडेच तुकडे जुळवून कसे बसतात ते पाहा, मग लावा. बाहेर आलेला थेंब लगेच कोरड्या काडीनं टिपा. घोडा तांदळाच्या ताटात आडवा रोवून २४ तास हलवू नका. तांदूळ आकार धरून ठेवतात. रेझिन आणि चिनी मातीला दोन नळ्यांचं अराल्डाइट, समसमान, नीट घोटून. एक भाग जास्त झाला तर ते कायम चिकट राहतं. काळानं पिवळं पडतं, म्हणून पांढऱ्या घोड्याला अगदी कमी. तुकडा हरवला असेल तर नवा घडवून लावण्याची घाई नको. तीन पायांचा जुना घोडा ठोकळ्यावर उभा राहतो आणि खरा राहतो.

लाकडी घोड्यांत आपल्याला जवळची सावंतवाडी. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची खेळणी तिथं होतात. आंध्रातल्या कोंडापल्लीचे घोडे तेल्ला पोनिकी नावाच्या मऊ लाकडाचे, वेगवेगळे भाग करून चिंचोक्याच्या खळीत भुसा कालवून जोडलेले. उंदीर आणि झुरळं या खळीवर ताव मारतात, म्हणून पाय सुटलेला कोंडापल्ली घोडा दिसला तर आधी झुरळांचा बंदोबस्त करा. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचा घोडा चरकावर फिरवून लाखेनं रंगवलेला, त्यामुळं त्यातल्या त्यात दणकट. पण लाखेचा घोडा घेऊन काहीजण मिरजेत पॉलिशला जातात. तंबोऱ्याला, सतारीला चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश करण्यात मिरजेचा हात कुणी धरणार नाही. ते पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळवलेलं असतं आणि स्पिरिट घोड्यावरच्या जुन्या लाखेलाही विरघळवतं. पहिल्याच बोळ्याला लाल रंग पांढऱ्यात पसरतो. कारागिराचा दोष नाही, काम चुकीचं नेलं.

बुडाशी बारीक पिठासारखा भुसा आणि गोल भोकं दिसली तर किडा जिवंत आहे. काळ्या कागदावर घोडा ठेवा, दोन-तीन दिवसांत ताजा भुसा पडला तर खात्री. रॉकेल, डिझेल, फवारे यांनी रंग जातो. डांबरगोळ्या तर प्लास्टिकच्या घोड्यांशेजारी अजिबात नकोत, त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिक मऊ पडून चिकट होतं. उपाय थंडीचा: घोडा कापडात गुंडाळून जाड प्लास्टिकच्या पिशवीत, हवा दाबून काढून, चिकटपट्टीनं बंद. उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये सलग दोन आठवडे. फ्रिजमधला बर्फाचा छोटा कप्पा सारखा उघडतो, तो भरवशाचा नाही. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर गार लाकडावर पाणी सुटतं आणि रंग जातो. हे फक्त लाकडासाठी, आणि ज्याचा रंग आधीच सुटलेला नाही अशासाठी.

परदेशातल्या नातेवाइकांकडून येणारे घोडे हल्ली आपल्याकडे बरेच दिसतात. स्वीडनचा डालाहेस्ट हा नूसनेस गावचा पाइन लाकडाचा तांबडा घोडा. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनानंतर जगभर गेला. त्याच्या खोगिरावरची वेलबुट्टी एकाच कुंचल्यावर दोन रंग घेऊन काढतात, म्हणून प्रत्येक पाकळीत एक रंग दुसऱ्यात उतरत गेलेला दिसतो. छापील नकलेत ते नसतं, भिंगाखाली ठिपके दिसतात. पोटावरचा कागदी शिक्का काढू नका. अमेरिकेच्या ब्रेयर घोड्यांची सुरुवात १९५० ची, एका घड्याळ कंपनीसाठी केलेल्या घोड्यापासून. सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकचे; खऱ्या घोड्याच्या मानानं मोठे १:९, मधले १:१२, छोटे १:३२ या प्रमाणात. मे महिन्यात बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत यांचे पाय वाकतात आणि घोडा पुढं कलंडतो. वाकलेला पाय गरम पाण्यात काही मिनिटं धरून हलक्या हातानं सरळ करायचा आणि तसाच गार पाण्यात घालायचा. उकळतं पाणी नको, रंग सुटतो. घोड्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास यायला लागला किंवा अंगाला चिकट घाम सुटला तर प्लास्टिकच सडतंय. तो घोडा बाकीच्यांतून लगेच वेगळा करा आणि हवेशीर ठेवा, बंद डब्यात कोंडू नका.

न्यू मेक्सिकोत २००१ मध्ये सुरू झालेल्या 'ट्रेल ऑफ पेंटेड पोनीज' मालिकेतले नक्षीदार रेझिनचे आणि सिरॅमिकचे घोडे घेताना बैठकीच्या तळाशी पाहा: नाव, चित्रकार, आवृत्ती आणि त्या आवृत्तीतला क्रमांक. पहिल्या आवृत्तीचा, कमी क्रमांकाचा, मूळ खोक्यासह असलेला घोडा जास्त भावाला जातो. खोकं फेकणं म्हणजे पैसे फेकणं. चिनी मातीचे घोडे बनवणारा इंग्लंडच्या बेसविकचा मूळ कारखाना २००२ मध्ये बंद झाला, त्यामुळं फुटके जोडून विकणारे बरेच. अंधारात अतिनील टॉर्च कानांवर, शेपटीवर आणि चारही घोट्यांवर मारा. नंतर दिलेला रंग मूळ झिलईपेक्षा वेगळा चमकतो. टॉर्च नसेल तर दातावर हलकं टेकवा: झिलई काचेसारखी लागते, रंग मऊ.

आता सांगलीकरांसाठी मुख्य. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत गावभाग आणि कर्नाळ रोडच्या घरांत पाणी शिरलं. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. इशारा ४० फुटांना, धोका ४५ फुटांना. कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि पुलापाशी ३५ फूट झाले की तळमजल्यावरचे घोडे बांधायला घ्या. ४० झाल्यावर माणसं, कागदपत्रं आणि जनावरं आधी, घोडे नंतर. बांधताना, संपादक महाशय, राग मानू नका, पण वर्तमानपत्राचा कागद थेट गुंडाळू नका. दमट हवेत शाई सुटते आणि पांढऱ्या घोड्याच्या पाठीवर बाजारभाव उमटतात. आत धुतलेलं जुनं मलमल किंवा धोतराचा तुकडा, पायांच्या मधे कापसाची गुंडी, कानांभोवती सैल कापूस आणि मग बाहेरून वर्तमानपत्र खुशाल. बबल रॅप वापरलं तर फुगे बाहेरच्या बाजूला, नाहीतर उष्णतेनं रंगावर गोल वळ उठतात. खोक्यात घोडा आडवा निजवा, उभा नाही. जड खाली, शाडू सगळ्यात वर. खोक्यावर "घोडे" असं लिहू नका, "मातीचं, वर काही ठेवू नये" असं लिहा, म्हणजे हमाली करणारा पोरगा ऐकतो.

पाण्यात गेलेच, तर काय? शाडूचा भिजलेला घोडा उचलायला जाऊ नका, हातात चिखल येईल. पाणी ओसरू द्या, तो जिथं आहे तिथंच सावलीत आठवडाभर वाळू द्या, मग उलथन्यानं खालून अलगद ताटात घ्या. आकार उरला तर उरला. प्लास्टर पुरात विरत नाही, पण भिजून मऊ पडतं. आडवं, कापडावर, न पुसता, किमान पंधरा दिवस. लाकडावरचा गाळ मात्र ओला असतानाच स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेनं घालवावा लागतो, कारण वाळलेला गाळ काढताना रंग खरवडला जातो. धुतल्यावर उन्हात नाही. उन्हात वरचं लाकूड आधी आकसतं, आतलं फुगलेलंच राहतं आणि घोडा फाटतो. सैल कापडात गुंडाळून हवेशीर सावलीत दोन-तीन आठवडे, रोज कूस बदलून. रंग न दिलेली भाजलेली माती स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवा आणि पाच-सहा दिवस रोज पाणी बदला. तसं न केल्यास वाळल्यावर क्षार वर येऊन लोणा फुटतो आणि कातडी गळते. प्लास्टिक, चिनी माती साबणानं धुवा. पुराच्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं, तेव्हा हातमोजे घाला. भिजलेल्या खोक्याचा मोह सोडा, त्याचा फोटो काढून ठेवा आणि टाकून द्या. बुरशी त्यातूनच पसरते.

संग्रह मोठा असो की पाच घोड्यांचा, एक वही ठेवावी. घोडा कशाचा, कानाच्या टोकापर्यंत उंची सेंटिमीटरमध्ये, बैठकीचं माप, कुठून आला, कधी, किती रुपयांना, तळावर काय लिहिलंय, काय मोडलंय. चार बाजूंचे आणि तळाचा असे पाच फोटो. क्रमांक घोड्यावर बॉलपेननं लिहू नका आणि सेलोटेपनं चिकटवू नका, टेपचा गोंद पिवळा होऊन रंगात उतरतो. कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून सुती दोऱ्यानं पायाला सैल बांधा. दिवाळीच्या चित्रांना तर हे हमखास हवं. सांगलीत मारुती रोडला किंवा साताऱ्यात राजवाड्याजवळ घेतलेला घोडेस्वार कोणत्या कुंभारवाड्यातला, साचा कुणाचा, हे विकणाऱ्याला त्याच वेळी विचारलं तरच कळतं. पुढच्या वर्षी तो साचा बदललेला असतो, शाडूच्या जागी प्लास्टर आलेलं असतं.

आणि ज्यांनी आपला सल्ला वाचून रविवारीच ऑइलपेंटचा हात मारला असेल, त्यांनी आता काही करू नये. थिनरनं पुसायला गेलात तर खालचं अस्तरही येईल, खरवडायला गेलात तर माती. घोडा तसाच सावलीत ठेवावा, वहीत रंगवल्याची तारीख आणि रंगाचं नाव लिहावं आणि सुटून पडलेला पापुद्रा मिळाला तर चिठ्ठीत बांधून त्याच घोड्याशेजारी ठेवावा; त्याच्या पाठीला मूळ रंग असतो. दुरुस्तीची चौकट घटस्थापनेच्या आत छापावी ही विनंती, कारण माळे त्याच आठवड्यात निघतात.

आपले,
रंगीत घोडे जमवणारे काही वाचक,
सांगली, मिरज, कराड, सातारा